रोबोचा हात आणि रुग्णाचे हित

भोपाळच्या गोविंदपुऱ्याला यंत्रांचे अप्रूप नाही. १९५० च्या दशकात सरकारी मालकीचा जड विद्युत यंत्रांचा कारखाना उभारण्यासाठी हा परिसर निवडला गेला आणि पुढे 'भेल' या नावाने तो देशभर ओळखला जाऊ लागला. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने, प्रचंड रोहित्रे आणि रेल्वे इंजिनांच्या मोटारी घडविणाऱ्या या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मराठी कुटुंबेही तेथे गेली आणि रुजली. कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक रोहित्र आधी चाचणीच्या चौथऱ्यावर चढते, त्यावर ठरलेला भार टाकून पाहिला जातो, आणि मगच ते ग्राहकाकडे रवाना होते. ते देखणे आहे की नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. यंत्राचे मोल त्याच्या कामावरून ठरते, ही शिस्त गोविंदपुऱ्याच्या कामगाराला शिकवावी लागत नाही. त्याच कामगाराच्या घरातील स्त्रीच्या स्तनात गाठ आढळते तेव्हा मात्र ही शिस्त कोणालाही आठवत नाही आणि रुग्णालयाच्या जाहिरातीतील यंत्र हेच उपचाराच्या उत्तमपणाचे प्रमाणपत्र ठरते. आजचा आमचा विषय हा आहे.

रोबोच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया म्हणजे यंत्राने स्वतःच्या बुद्धीने केलेली शस्त्रक्रिया नव्हे, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहे. शल्यचिकित्सक त्याच खोलीत एका आसनावर बसून, भिंगातून विस्तारलेले त्रिमिती चित्र पाहत, हातातील दांड्यांनी यंत्राचे बाहू चालवितो. स्तनाच्या बाबतीत काखेजवळ वा छातीच्या कडेला काही सेंटिमीटरांचा एकच छेद घेतात, आत वायू भरून जागा करून घेतात आणि वरची त्वचा व स्तनाग्र राखून आतील ग्रंथी त्या छेदातून बाहेर काढतात. रिकाम्या जागी सहसा कृत्रिम रोपण बसविले जाते. पारंपरिक खुल्या शस्त्रक्रियेत छेद स्तनावर किंवा त्याच्या खालच्या वळीत असतो आणि शल्यचिकित्सकाची बोटे प्रत्यक्ष ऊतींना स्पर्श करतात. त्वचा व स्तनाग्र राखणे खुल्या पद्धतीनेही शक्य असते, ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते.

या दोन पद्धतींची तुलना कोणी केलीच नाही असे नाही. इटलीतील मिलान येथील युरोपीय कर्करोग संस्थेत आंतोनियो तोएस्का यांनी रोबोच्या साहाय्याने स्तनाग्र राखून स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, आणि त्याच संस्थेने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची विभागणी करून एक चाचणीही घेतली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ८० स्त्रिया, निम्म्या एका पद्धतीने व निम्म्या दुसऱ्या. गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या देहाविषयीचे समाधान व मानसिक स्वास्थ्य या बाबतींत रोबोच्या गटातील स्त्रियांनी अधिक अनुकूल उत्तरे दिली. रोबोला मात्र ७८ मिनिटे अधिक लागली. सव्वादोन वर्षांहून थोड्या अधिक काळाच्या देखरेखीत त्याच जागी रोग उलटल्याचे दिसले नाही. चाचणी प्रामाणिक आहे आणि तिचा निष्कर्ष आम्हाला मान्य आहे. पण तिच्या मर्यादेतच तो वाचला पाहिजे. स्तनाचा कर्करोग दहा-दहा वर्षांनी डोके वर काढू शकतो. ८० स्त्रियांवर अडीच वर्षांच्या आत ठेवलेली नजर जीविताच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, आणि तसा दावा तिच्या कर्त्यांचाही नाही.

ती ७८ मिनिटे मात्र आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबून पाहावीत. ज्या खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रियागृह रिकामे असते तेथे ती भूल देणाऱ्याची गैरसोय ठरतील, यापलीकडे काही नाही. ज्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते तेथे ती रांगेतील दुसऱ्या एखाद्या स्त्रीची वेळ असते.

अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एक जाहीर इशारा दिला आणि २०२१ साली त्याची पुनरुक्ती केली. स्तन काढण्यासाठी किंवा कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी व उपचारासाठी रोबो वापरण्याची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असा त्याचा मथितार्थ होता. या सावधगिरीमागे एक कटू अनुभव होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीने वा रोबोने केलेली शस्त्रक्रिया खुल्या शस्त्रक्रियेइतकीच गुणकारी असणार, असे वर्षानुवर्षे गृहीत धरले गेले होते. छेद लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. मग शंका कशाला? २०१८ साली आंतरराष्ट्रीय चाचणीचे आकडे हाती आले तेव्हा साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के आढळले. मृत्यूही दुसऱ्याच गटात अधिक. स्तनाच्या बाबतीत असेच घडेल असे आम्ही म्हणत नाही; अवयव निराळा, रोगाची चाल निराळी. पण 'छेद लहान म्हणजे उपचार निदान तितकाच चांगला' या गृहीतकावर आता कोणालाही निश्चिंत राहता येणार नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास तर गृहीतकांच्या पराभवाचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी हे सारे एकत्र उपटून काढण्याची पद्धत रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोग अधिक निपटला जातो, हा तर्क इतका सरळ वाटत होता की जवळजवळ तीन पिढ्यांनी त्याला आव्हान दिले नाही. छाती खोल गेलेल्या, हात जन्मभर सुजलेल्या हजारो स्त्रियांनी हे 'वाचण्याचे मोल' म्हणून सोसले. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत, आणि १९७३ मध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी मिलानमध्ये, या तर्काला तराजूत घातले. व्यवसायबंधूंचा रोष दोघांनीही पत्करला. वेरोनेसींच्या चाचणीत ७०१ स्त्रिया होत्या. २००२ साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला: लहान गाठ असेल तर स्तनाचा केवळ तेवढा भाग काढून नंतर किरणोपचार दिलेल्या स्त्रिया आणि हॉलस्टेडच्या पद्धतीने सर्वस्व गमावलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक नव्हता. अधिक कापण्याच्या मोहाला हा धडा मिळाला. नव्या साधनाच्या मोहाला तो लागू नाही असे मानण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

आता पुन्हा भोपाळकडे वळू. डिसेंबर १९८४ च्या विषारी वायुकांडानंतर, त्याचे दूरगामी परिणाम तपासता यावेत म्हणून, त्या शहरात १९८० च्या दशकातच लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदवही सुरू झाली. मुंबईत अशी नोंदवही १९६३ पासून आहे. परंतु एका औद्योगिक अपघाताच्या सावलीत जन्मलेली ही नोंदवही वेगळीच म्हणावी लागेल. आज तिच्या पानांवर स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वांत वर आहे. देशाचे चित्र याहून निराळे नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. राष्ट्रीय नोंदींवरून असेही दिसते की निम्म्याहून अधिक रुग्णांचे निदान होते तेव्हा रोग स्तनाबाहेर, काखेत वा शेजारच्या भागांत, गेलेला असतो.

रोबोच्या तुलनेचा सारा डोलारा येथे डळमळतो. मिलानची चाचणी ज्या स्त्रियांवर झाली त्यांची त्वचा व स्तनाग्र राखता येण्याजोगे होते. काहींना तर रोग नव्हता, केवळ आनुवंशिक धोका होता. गोविंदपुऱ्यातून, किंवा रायसेन-विदिशेच्या एखाद्या खेड्यातून, लिंबाएवढी गाठ घेऊन आणि कातडीवर व्रण घेऊन येणाऱ्या स्त्रीसाठी ते यंत्र मुळात नाहीच. तिला आधी केमोथेरपी, मग खुली शस्त्रक्रिया, मग किरणोपचार लागतात. भोपाळात साकेतनगरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, ईदगाह टेकडीवर जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे. तरीही गावाकडून आलेल्या स्त्रीला किरणोपचारासाठी तीन-तीन आठवडे शहरात राहावे लागते. उतरायचे कोठे, मुलांकडे कोणी पाहायचे, नवऱ्याची रोजी किती बुडायची? स्तन राखता येत असूनही 'काढूनच टाका' असे सांगून मोकळ्या होणाऱ्या स्त्रियांच्या निर्णयामागे पुष्कळदा हा हिशेब असतो. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तीन आठवड्यांचे किरणोपचार एका आठवड्यात, पाच सत्रांत, देता येतात असे दाखविले. ज्या स्त्रियांना हा क्रम चालतो त्यांच्या बाबतीत स्तन वाचविण्याचे सामर्थ्य या एका निष्कर्षात कोट्यवधींच्या यंत्रापेक्षा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय? तेथील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांचा अभ्यास केला. खुल्या शस्त्रक्रियेत गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यावयाचे, एवढाच प्रयोग. दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढताना हिरडी बधिर करतात तेच हे औषध, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात उपलब्ध असलेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होते. शंभर स्त्रियांमागे तीन ते चार जीव, आणि तेही नगण्य खर्चात! इतर देशांतही या निष्कर्षाचा पडताळा पाहिला जावा, ही अपेक्षा योग्यच आहे. तरीही हा प्रयोग आपल्या भूमीवर, आपल्या रुग्णांवर, जीवितासारख्या अंतिम कसोटीवर झालेला आहे, आणि आपल्या वृत्तपत्रांतून त्याला रोबोच्या उद्घाटनाइतकी जागा मिळाली नाही, यात आम्हीही आलो.

याच संस्थेने मुंबईतील गरीब वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करावयाची, एवढाच उपाय. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला. शिकविलेली मानवी बोटे हेही एक साधनच आहे. त्याचे उद्घाटन करण्यास कोणी मंत्री येत नाही, इतकेच.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. जीव वाचला की झाले, देहाच्या रूपाचे काय एवढे, असे म्हणणारे बहुधा पुरुष असतात. स्तन गमावलेली स्त्री आरशासमोर, पतीसमोर, पंगतीत आणि लग्नघरात काय सोसते, हे आपल्या समाजात ती बोलतही नाही. व्रण लपावा ही इच्छा चैनीची नव्हे. मिलानच्या स्त्रीला ती असेल तर गोविंदपुऱ्याच्या, कुडाळच्या आणि काणकोणच्या स्त्रीलाही आहे. म्हणूनच रोबो नको, असे आम्ही म्हणत नाही. व्रणाची लाज कमी करण्याचे अन्य मार्गही आहेत: गाठ काढताना उरलेल्या स्तनाला आकार देण्याचे कौशल्य खुल्या शस्त्रक्रियेत विकसित झाले आहे, आणि त्यासाठी शिकलेला शल्यचिकित्सक लागतो, बाहू असलेले यंत्र नव्हे. जिल्ह्याच्या रुग्णालयांतील तरुण शल्यचिकित्सकांना हे शिक्षण देण्याचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल.

गोव्यात २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या नावाने स्तनतपासणीची मोहीम निघाली, ही योग्य दिशा होती. सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीला येतात, बांबोळीचे परळला जातात. भोपाळचेही पुष्कळ परळची वाट धरतात. तेव्हा हा प्रश्न एका शहराचा नाही. सरकारी पैशाने स्तनाच्या शस्त्रक्रियेसाठी रोबो घ्यावयाचा असेल तर तो नोंदणीकृत चाचणीच्या चौकटीतच वापरला जावा आणि प्रत्येक रुग्णाची किमान दहा वर्षांची नोंद ठेवली जावी. खाजगी रुग्णालयांनी रुग्णाची संमती घेताना मराठीत, कोंकणीत वा तिला समजणाऱ्या भाषेत चार गोष्टी लेखी द्याव्यात: खुल्या पद्धतीने हेच काम होऊ शकते की नाही, दोहोंच्या खर्चात फरक किती, आयुर्मान वाढल्याचा पुरावा आहे की नाही, आणि यंत्राने करणाऱ्या शल्यचिकित्सकाने आजवर अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत. हा शेवटचा प्रश्न विचारताना रुग्णाचे नातेवाईक संकोचतात. तो संकोच सोडून तो सर्वांत आधी विचारावा.