आधी मजुराचं रक्त तपासा

एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्या दोन नावाजलेल्या मसाला कंपन्यांच्या काही पाकिटांत इथिलीन ऑक्साइड हे कीटकनाशक असल्याचं जाहीर केलं आणि शहरी घरांत हलकल्लोळ माजला. कुणी माळ्यावरचा खलबत्ता खाली काढला, कुणी गावाकडून हळकुंडं मागवली. टीव्हीवर आहारतज्ज्ञ बसले. आपल्या पोटात काय काय जातंय, या काळजीनं लोकांना झोप येईना. काळजी रास्त होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. पिकावर मारलेलं औषध तुमच्या पोटापर्यंत पोचायच्या आधी कुणाच्या तरी पाठीवरून जातं. त्या पाठीची विचारपूस करताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. इथं ही विचारपूस एकदा झाली होती, तीसुद्धा माणसं मरायला लागल्यावर. 2017 चा तो हंगाम. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करणाऱ्या 800 हून अधिक जणांना विषबाधा होऊन दवाखान्यात न्यावं लागलं आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक माणसं दगावली. आर्णी, घाटंजी, केळापूर, कळंब, राळेगाव, जिथून तिथून रुग्ण येत होते. कुणाला उलट्या, कुणाच्या अंगाची आग, कुणाला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळं देशभर गेलं, तिथं औषधाच्या वासाचा माणूस दवाखान्यात आणला की पहिला संशय एकच: यानं पिलं असेल. यानं दिवसभर वावरात फवारा मारला, हे पटवून द्यायला सोबतच्या माणसाची निम्मी ताकद खर्ची पडायची.

आता कुणी म्हणेल, हा कापसाचा मामला. खाण्याशी त्याचा काय संबंध? कापूस खातं कोण?

सगळे खातात. जिनिंगमध्ये रुई निघाली की खाली सरकी उरते. सरकीचं तेल निघतं, ते वनस्पती तुपात जातं, फरसाणाच्या कढईत जातं. तेल काढून उरलेली ढेप गाई-म्हशींपुढं जाते आणि त्यांचं दूध तुमच्या चहात येतं. शिवाय आमच्याकडं पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीचं तास असतंच. फवारा मारणारा गडी पऱ्हाटीवर मारतो आणि तूर सोडून देतो, असं कुठं होत नाही. पुढं तुरीला शेंगा धरल्या की अळी येते, मग तिच्यासाठी वेगळे पंप. मोनोक्रोटोफॉस हे औषध 2005 साली भाजीपाल्यावर वापरायला बंदी झाली, पण कापसाला आणि तुरीला ते चालूच राहिलं. म्हणजे जे वांग्याला चालत नव्हतं, ते वरणाला चालत होतं, असा सरकारी पाकशास्त्राचा निर्णय.

हे मोनोक्रोटोफॉस काय चीज आहे ते जुलै 2013 मध्ये बिहारच्या छपरा भागातल्या गंडामन गावात दिसलं होतं. शाळेतल्या मध्यान्ह भोजनात ते मिसळलं गेलं आणि 23 मुलं मेली. त्यानंतर चार वर्षांनी यवतमाळ झालं. आमच्याकडच्या चौकशीसाठी नेमलेल्या विशेष तपास पथकानं या औषधावर बंदी घालण्याची शिफारस केली. केंद्राला त्यावर निर्णय घ्यायला 2023 उजाडलं, आणि तेव्हाही दुकानातला माल मुदत संपेपर्यंत विकायची मुभा ठेवली. शिल्लक मालाची एवढी कदर! तेवढी शिल्लक माणसांची झाली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

फवारणी ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी धुऱ्यावर पाण्याचा ड्रम येतो. पाणी बहुतेक वेळा बाया आणतात, लांबच्या विहिरीवरून, डोक्यावर. औषधाची मापं म्हणजे बाटलीचं झाकण. एक झाकण याचं, अर्धं त्याचं, वरून कसलंतरी टॉनिक, आणि हे सगळं काडीनं ढवळायचं. काडी सापडली नाही तर हातानं. मग पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर. टाकीचं झाकण नीट बसत नाही, वाकलं की औषध मानेवर सांडतं, सदरा पाठीला चिकटतो आणि दिवसभर तो तसाच अंगावर वाळतो, ओला होतो, पुन्हा वाळतो. नोझल तुंबलं की तोंड लावून फुंकायचं. 2017 ला पऱ्हाटी छातीच्या वर गेली होती, काही वावरांत डोक्यापर्यंत. अशा पिकात शिरला की फवारा खाली पडत नाही, तोंडावर येतो. वरून आश्विनातलं ऊन आणि जमिनीतून निघणारी वाफ.

मजुरी पंपावर. जितके पंप, तितके पैसे. हात धुवायला, पाणी प्यायला, सावलीला बसायला जो वेळ जाईल तो स्वतःच्या खिशातून. मास्क-चष्म्याचं विचारलं तेव्हा एक जण मला म्हणाला, "चष्मा लावला का वाफ धरते भाऊ, काईच दिसत नाई. मंग फवारा मारू कसा?" याला सरकारी भाषेत ‘मजुरांचा निष्काळजीपणा’ म्हणतात.

हा निष्काळजीपणाचा ठपका मला सगळ्यात जास्त चीड आणतो. माणूस मेल्याबरोबर त्याच्या अंगावर काय नव्हतं याची यादी निघते: हातमोजे नव्हते, मास्क नव्हता, वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून मारत होता, दोन औषधं एकत्र केली होती. यादी खरी आहे. पण ती यादी ज्याच्या नावावर फाडायची, तो माणूस हा नव्हे. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे. त्यातला 39 क्रमांकाचा नियम संरक्षक कपड्यांचा आहे. त्याहून मोलाचा 37 वा. फवारणीच्या कामात कीटकनाशकाशी संबंध येणाऱ्या माणसाची कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि औषध ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातलं असेल तर दर महिन्याला त्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं पाहिजे, असं तो सांगतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही सगळी याच ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली. अंगात विष साठत चाललं की कोलिनेस्टरेज उतरतं. रिपोर्ट पाहून त्या माणसाला महिनाभर फवारणीपासून दूर ठेवलं तर तो वाचतो. इतकी साधी गोष्ट.

मग या नियमाप्रमाणे 1971 ते 2017 या 46 वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या किती फवारणी मजुरांचं रक्त तपासलं गेलं? माझ्या ओळखीत तर एकही नाही. आणि 2017 ला शेकडो रुग्ण दाखल झाले तेव्हा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी करायची सोयच नव्हती. ज्या जिल्ह्यात कृषी केंद्र गावोगावी आहे, तिथल्या सर्वांत मोठ्या सरकारी दवाखान्यात विष मोजायचं साधन नव्हतं. डॉक्टर अंदाजानं ॲट्रोपिन देत राहिले. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मजुरानं काय मारलं हे मजुरालाच ठाऊक नसायचं. बाटलीवरचं माहितीपत्रक भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत, आणि वाचणाऱ्याची अक्षरओळख अंगठ्यापुरती.

सरकारनं मग कडक पाऊल उचललं. नोव्हेंबरमध्ये यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर बंदी आली. साठ दिवसांची. कापसाच्या वेचण्या सुरू झालेल्या, फवारणीचा मुख्य हंगाम सरलेला, माणसं जळून झालेली, आणि बंदी आली. साठच दिवस का, तर कायद्याच्या 27 व्या कलमात राज्याला एका वेळी तेवढाच अधिकार आहे. कायमची बंदी केंद्राच्या हातात. हा कायदा बदलायचं विधेयक 2008 मध्ये आलं, 2020 मध्ये पुन्हा राज्यसभेत मांडलं गेलं. विधेयकं येतात, अळीसारखी पुढच्या हंगामात पुन्हा येतात.

त्या पाच औषधांत एक डायफेन्थियुरॉन होतं. सिंजेन्टा कंपनी ते ‘पोलो’ नावानं विकते. कंपनीचं घर स्वित्झर्लंडमध्ये. युरोपीय संघाच्या बाजारातून हे औषध 2002 मध्येच गेलं होतं, स्वित्झर्लंडमध्येही 2009 पासून ते वापरता येत नव्हतं. आपल्याकडं मात्र 2017 सालीसुद्धा स्वित्झर्लंडमधून ते येत होतं. त्याच्यावर नेमका उतारा नाही. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या 51 कुटुंबांनी स्वयंसेवी संघटनांच्या मदतीनं थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल केली; पोलिसांच्या नोंदींत पोलोशी जोडलेली 96 प्रकरणं आणि दोन मृत्यू होते. दोन विधवा आणि एक वाचलेला माणूस बासेलच्या कोर्टात गेले. कंपनीनं जबाबदारी नाकारली. ती नाकारणारच, तिचा तो धंदा आहे. मला नवल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. घाटंजी-आर्णीकडच्या बाईला न्यायासाठी बासेल गाठावं लागतं, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी तिला विचारणारं कुणी नाही.

शेतकऱ्यालाही मी यातून सोडणार नाही, जरी तो माझ्याच घरातला असला तरी. त्याच्यावर कर्ज आहे, बीटी बियाणं ‘फवारणी कमी लागेल’ म्हणून 2002 साली आलं आणि पुढं गुलाबी बोंडअळीनं त्याच्यावरही मात केली, कृषी केंद्रवाला उधारीवर जे देतो तेच त्याला मारावं लागतं, हे सगळं मान्य. पण पाठीवर पंप चढवताना मालक स्वतः धुऱ्यावर उभा असतो. पंप कुठं गळतो हे त्याला दिसतं. नवा वायसर काही रुपयांत मिळतो. मजूर बहुतेक भूमिहीन, दलित किंवा कोलाम-गोंड-परधान. त्याच्या अंगावर सांडलेलं औषध आपल्या पिकावर सांडलेल्या औषधाइतकं महाग वाटत नाही, हे एकदा तोंडानं कबूल केलं पाहिजे. आणि बायांचं तर कुणी नावच घेत नाही. सकाळी फवारलेल्या ओल्या पिकात दुपारी त्याच निंदायला उतरतात, उघड्या पायांनी. त्या फवारणाऱ्यांच्या यादीत नाहीत, म्हणून विषबाधितांच्या यादीतही नसतात.

मेल्यावर काय मिळतं तेही पाहू. 2017 च्या मृतांच्या घरच्यांना सरकारनं दोन लाख जाहीर केले, ते गवगवा झाला म्हणून. एरवी त्या वेळच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विम्यात औषध हाताळताना झालेली विषबाधा बसायची, पण त्यासाठी सातबारा लागायचा. पंप ज्याच्या पाठीवर असतो, त्याच्याकडं सातबारा असता तर तो दुसऱ्याच्या वावरात पंप घेऊन का गेला असता? 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतातली कीटकनाशक फवारणी मात्र होती. म्हणजे वकिलाला निदान भांडायला जागा होती. शेतीतल्या कामगारांच्या सुरक्षेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 184 क्रमांकाचा करार 2001 सालचा आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

पैसे नाहीत, यंत्रणा नाही, एवढ्या मजुरांची नोंद ठेवणार कोण, हे मला कुणी सांगू नये. 2010 साली युरोपनं आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी अडवली, तेव्हा नाशिकपासून दिल्लीपर्यंत कशी धावपळ झाली ते महाराष्ट्रानं पाहिलंय. निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंद होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, दहा लाखात एक भागाहूनही कमी अंश मोजला जातो, आणि पेटी कोणत्या बागेतली ते माग काढून सांगता येतं. जमतं आपल्याला. पलीकडचा गिऱ्हाईक पैसे देणारा असला की सगळं जमतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि कृषी विभाग या तिघांकडं आहे. पेरण्या आटोपल्या की फवारणीला जाणाऱ्या प्रत्येक गड्याची आणि पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पहिला पंप भरायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांचं कोलिनेस्टरेज तपासा आणि ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला पुन्हा तपासा. खर्च औषध कंपन्यांकडून वसूल करा. विक्रीचा आकडा त्यांच्याकडं तालुकावार असतो. नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही, 1971 चा 37 वा नियम आजही आहे.