डॉ. स्यूस यांचं 1942 सालही छापा

प्रति,
डॉ. स्यूस एंटरप्रायझेस, सॅन दिएगो



मार्च 2021मध्ये तुम्ही डॉ. स्यूस यांची मुलांसाठीची सहा पुस्तकं छापणं थांबवलंत. काही चित्रं आशियाई, आफ्रिकी माणसांचा पाणउतारा करणारी होती म्हणून. त्यावर व्हायचा तो गदारोळ झाला. माझं म्हणणं वेगळ्याच चित्राबद्दल आहे.

13 फेब्रुवारी 1942. न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ दैनिकात डॉ. स्यूस यांचं व्यंगचित्र. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया अशा अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या माणसांची रांग येते आहे. सगळ्यांचा चेहरा एकच, गोल चष्मा तोच, हसूही तेच. रेशनच्या दुकानासारखं एक खोपट. तिथे जो तो स्फोटकं घेतो आणि पुढे सरकतो. छपरावर एक जण दुर्बीण लावून बसलाय, मायदेशातून इशारा कधी येतो ते बघत.

सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली. जपानी वंशाची सुमारे 1,20,000 माणसं छावण्यांत डांबली गेली; त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक. चित्रामुळे आदेश निघाला असं मी म्हणत नाही. पण तो निघाल्यावर वाचकाला वावगं वाटू नये, याची मशागत अशाच चित्रांनी केली.

आणि काढणारा कोण? त्याच दैनिकात काळ्यांचा, ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांना सोलून काढणारा माणूस! स्वतः जर्मन स्थलांतरितांचा नातू. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेषाची झळ लहानपणी सोसलेला. जर्मनी म्हटलं की त्याच्या कुंचल्यातून बहुधा हिटलर उतरायचा, एक ठरावीक माणूस. जपान म्हटल्यावर मात्र कॅलिफोर्नियातला शेजारीही शत्रू.

1954चं ‘हॉर्टन हिअर्स अ हू!’ क्योटोच्या एका जपानी प्राध्यापकांना अर्पण केलेलं आहे. तीच माफी, असं चाहते मानतात. मला नाही पटत. आरोप दैनिकात छापायचा आणि दिलगिरी वाचकानं अर्पणपत्रिकेतून ओळखून घ्यायची?

रिचर्ड मिनिअर यांनी 1999मध्ये या युद्धचित्रांचं पुस्तक काढलं, पण ते अभ्यासकांच्या कपाटात. ‘कॅट इन द हॅट’ इकडे पुण्यात माझ्या नातवाच्या दप्तरात आहे. तेव्हा त्याच्या आईबापांसाठी एक स्वस्त आवृत्ती तुमच्याच नावानं काढा. एका पानावर वर्णद्वेषाला झोडपणारं चित्र, समोरच्या पानावर ही रांग, खाली तारखा. प्रस्तावना छावणीत बालपण गेलेल्या कुणाकडून तरी लिहून घ्या. ती मुलं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. फार वेळ लावू नका.

आपला,
एक आजोबा, पुणे