सट्टा एक, कायदे अनेक

क्रिकेटच्या सामन्यावर भ्रमणध्वनीवरून लावलेली पैज गुन्हा ठरते की नाही, हे आपल्या देशात अनेक वर्षे पैज लावणारा कोणत्या राज्यात बसला आहे यावर ठरत आले. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत 34 व्या क्रमांकावर पैजा आणि जुगार हा विषय आहे. साहजिकच काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले, काहींनी ब्रिटिशांचेच जपून ठेवले. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात अड्डा चालविणाऱ्यास कमाल दंड आहे 200 रुपये! महाराष्ट्राचा कायदा 1887 चा. त्याचा सारा रोख जुगाराच्या अड्ड्यावर. खिशातल्या यंत्राचा विचार त्यात असणार कसा?

सर्वांत धीट निघाले ते चिमुकले सिक्कीम. 2008 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून त्याने क्रीडासट्ट्यालाही परवान्याची वाट मोकळी केली. परवाना गंगटोकचा आणि ग्राहक देशभरचे, असा हा हिशेब होता. पण एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावा कसा? अखेर 2015 च्या दुरुस्तीने हा व्यवहार सिक्कीमच्या हद्दीतील केंद्रांपुरता, अंतर्गत जाळ्यावर, सीमित झाला. नागालँडने 2016 मध्ये केवळ कौशल्याच्या खेळांना परवाने देण्याची सावध वाट धरली. मेघालयाने 2021 मध्ये कायदा केला आणि लोकांच्या विरोधापुढे 2022 मध्ये तो मागेही घेतला.

दक्षिणेत वारे उलटे होते. तेलंगणाने 2017 मध्ये आणि आंध्र प्रदेशाने 2020 मध्ये कौशल्याच्या खेळांची सवलतच काढून घेतली. तमिळनाडू आणि कर्नाटकाचे 2021 चे कायदे मात्र त्या त्या उच्च न्यायालयांत टिकले नाहीत.

वादाचे मूळ ‘कौशल्य’ या शब्दात आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. म्हणजे महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यावर पैसे लावणारा सभ्य गृहस्थ आणि चहाच्या टपरीवर फलंदाजावर लावणारा आरोपी! फँटसी क्रिकेटच्या कंपन्यांनीही याच छत्राखाली आसरा घेतला.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने हा भेदच पुसला. नव्या कायद्यानुसार खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळविला जाणारा ऑनलाइन खेळ निषिद्ध. तो चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि हे योग्यच आहे. कर्जात बुडालेल्या तरुणाला तुरुंगात धाडून त्याच्या घरच्यांचे कोणते भले होणार?

तथापि, राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावा काय, हा प्रश्न उरतोच. दूरसंचार हा केंद्राचा विषय. पैज तारेवरून गेली म्हणून तीही केंद्राची होते काय? कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयांकडून स्वतःकडे घेतल्या.

अंमलबजावणीचा भार पुन्हा राज्यांच्याच पोलिसांवर आहे. देशात नोंदलेल्या, कर भरणाऱ्या बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ तत्काळ थांबविले. परदेशातून चालणारी संकेतस्थळे एक पत्ता बंद झाला की दुसरा उघडतात. पैसे भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरतात. खाते एका राज्यात, तक्रारदार दुसऱ्या राज्यात आणि सूत्रधार देशाबाहेर, असा गुन्हा स्थानिक पोलीस ठाण्याच्या दप्तरात दाखल होत असतो.