‘का?’ विचारणाऱ्या मॅडम



कोर्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंच खुर्चीवरचे न्यायाधीश, काळे कोटवाले वकील, पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी आणि दाराशी पोलीस. सिनेमात आपण एवढंच पाहतो. पण खऱ्याखुऱ्या कोर्टाच्या कामात आणखी एक माणूस असतो. त्याच्या अंगावर काळा कोट नसतो, खाकी कपडेही नसतात. खांद्याला पिशवी, पिशवीत फायली आणि पायांत चालून चालून झिजलेल्या चपला! हा माणूस म्हणजे परिवीक्षा अधिकारी. इंग्रजीत म्हणतात, प्रोबेशन ऑफिसर.

शब्द जड वाटला ना? चला, फोडून बघू. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘वीक्षा’ म्हणजे पाहणं. एखाद्याच्या हातून गुन्हा घडला, तर फक्त त्या गुन्ह्याकडे न पाहता त्या माणसाच्या सभोवार पाहायचं. त्याचं घर, त्याची शाळा, त्याचे सोबती, त्याची कमाई, सगळं. पोलीस विचारतात, ‘काय केलं?’ वकील भांडतात, ‘केलं की नाही केलं?’ आणि परिवीक्षा अधिकारी विचारतात, ‘का केलं? आणि आता पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?’

या कामाची सुरुवात कुणी केली, माहीत आहे? एका चांभारकाम करणाऱ्या माणसानं! अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचे गृहस्थ बूट बनवत. १८४१ साली ते कोर्टात बसले होते. एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टस त्याच्याशी बोलले. ‘पुन्हा पिणार नाही,’ असं तो म्हणाला. ऑगस्टस त्याला जामीन राहिले आणि घेऊन गेले. तीन आठवड्यांनी दोघं परत कोर्टात आले, तेव्हा तो माणूस इतका बदलला होता, की न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न धाडता नाममात्र दंड केला. फक्त एक सेंट! त्यानंतर १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टस जवळजवळ दोन हजार माणसांना असे जामीन राहिले. कसला पगार नाही, कसली नेमणूक नाही.

आपल्या देशात यासाठी १९५८ साली कायदा झाला. फाशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत कोर्ट माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. जास्तीत जास्त तीन वर्षं त्याच्यावर नजर ठेवता येते. ‘नजर’ म्हणजे मागे पोलीस लावायचा नाही हं! परिवीक्षा अधिकारी त्याला भेटत राहतात, सल्ला देतात, कामधंदा मिळवायला मदत करतात. आणि असा गुन्हा करणारा २१ वर्षांच्या आतला असेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवलाच पाहिजे.

१८ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर निराळाच कायदा आहे, २०१५ सालचा. अशा मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात. दोघांपैकी एक तरी बाईच असावी लागते. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, पोलीस कोठडीत ठेवायचं नाही. मुलगा ताब्यात आला की परिवीक्षा अधिकाऱ्यांना कळवायचं आणि त्यांनी दोन आठवड्यांत त्याच्याबद्दलचा सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं, तर मी विसरूनही गेले असते. पण काही वर्षांपूर्वी अशाच एक मॅडम आमच्या शाळेत आल्या. ती गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. मुलाचं नाव, गाव सांगणार नाही. त्याची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणून काही तपशीलही मी बदलले आहेत.

मधली सुट्टी होती. मॅडमनी आमच्या शाळेतून पूर्वीच गेलेल्या एका मुलाचं नाव सांगितलं आणि जनरल रजिस्टर मागितलं. मूल १८ च्या आतलं आहे की नाही, हे ठरवताना शाळेतली जन्मतारीख फार महत्त्वाची असते. रजिस्टर पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, याचा सातवीचा हजेरीपट मिळेल का?”

मी कपाटातून काढून दिला. सातवीला तो माझ्याच वर्गात होता. दिवाळीनंतर त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरीची रांग. कारण मला ठाऊक होतं. आई-वडील ऊसतोडीला गेले, की हाही त्यांच्याबरोबर जायचा.

“त्यानं एका शेतकऱ्याच्या मोटारीतली तांब्याची तार काढून भंगारात विकली,” मॅडम म्हणाल्या. “पण मला सांगा, हा शाळेतून सुटला कसा?”

मी म्हटलं, “अहो मॅडम, तोडीला गेला तो गेला. चैत्रात परत आला, एक दिवस शाळेत बसला आणि पुन्हा फिरकलाच नाही. अभ्यासात गोडीच नव्हती हो त्याला.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याला विचारलं मी, शाळा का सोडली. तो म्हणाला, बाई मला पाहुणा म्हणाल्या.”

मुलांनो, मला एकदम तो दिवस आठवला. हजेरी घेताना त्याचं नाव आलं, तो ‘हजर’ म्हणाला आणि मी गमतीनं म्हटलं, “अरे वा! पाहुणे आले बरं का!” सगळा वर्ग हसला. मीही हसले. माझ्या दृष्टीनं तो विनोद एका मिनिटात संपला होता. त्याच्या मनात तो दोन वर्षं राहिला होता.

मॅडमनी मला एक शब्द बोल लावला नाही. त्या आपल्या वहीत लिहीत होत्या. त्याचं गणित कसं होतं, मित्र कोण, घरी कुणी आजारी आहे का. मी उत्तरं देत होते, पण अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येतच नव्हती. मी त्याची वर्गशिक्षिका आणि त्याच्या घरी एकदाही गेले नव्हते! या मॅडम मात्र त्याच्या खोपटावर जाऊन आल्या होत्या, शेजाऱ्यांशी बोलल्या होत्या, ज्याची तार गेली त्या शेतकऱ्यालाही भेटल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, “बाई, म्हणजे चोरी करणाऱ्याची चूकच नाही का?”

आहे ना! माझ्या विनोदामुळे त्यानं चोरी केली, असं मी मुळीच म्हणत नाही. तार त्यानं काढली. शेतकऱ्याचं पाणी ऐन हंगामात बंद पडलं. त्याचंही नुकसान खरंच. पण त्या मुलाला नुसतं डांबून ठेवलं असतं, तर बाहेर आल्यावर तो कुठे गेला असता? पुन्हा भंगारवाल्याकडेच ना?

मंडळानं त्याला आई-वडिलांच्या हवाली केलं, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, मॅडमच्या देखरेखीखाली. शिक्षण पुन्हा सुरू करायचं, हीसुद्धा अट. घरच्यांनी शेतकऱ्याचं नुकसान हप्त्याहप्त्यानं भरून दिलं. मॅडम दर महिन्याला जायच्या. कधी तो घरी सापडायचा, कधी नाही. तरी त्या जायच्याच.

आणि एक. अशा मुलाच्या कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का कायमचा राहत नाही. मुदत संपली की ठरलेल्या नियमानं त्याची नोंद नष्ट करतात. पुढे नोकरी-शिक्षणात ती आड येता कामा नये, असा कायदा आहे. मात्र १६ वर्षांवरच्या मुलांनी केलेल्या अतिशय गंभीर गुन्ह्यांसाठी नियम वेगळे आहेत, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्यापैकी कुणाला मोठेपणी हे काम करावंसं वाटेल का? मग समाजकार्य, मानसशास्त्र किंवा कायदा असा अभ्यास करा. पण त्याहून आधी ऐकायला शिका. समोरचा खोटं बोलत असला तरी न चिडता ऐकायचं आणि खरं काय ते शोधत उन्हातान्हात हिंडायचं, हे सोपं नाही.

तो मुलगा पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसला. फॉर्मवर लावायला जुना दाखला हवा होता, म्हणून शाळेत आला. दाराशी उभा राहून म्हणाला, “बाई, येऊ का?” मी म्हटलं, “ये रे, तुझीच शाळा आहे.” पहिल्या खेपेला त्याचे दोन विषय राहिले. गणित आणि इंग्रजी. गणितासाठी आता तो रविवारी माझ्याकडे येतो.

तर या आठवड्यात तुम्ही एक करायचं. तुमच्या वर्गात बरेच दिवस न आलेलं कुणी आहे का, पाहा. त्याच्या घरी जा. हसू नका, रागावू नका. फक्त विचारा, “का रे येत नाहीस?” आणि तो काय म्हणाला, ते तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना येऊन सांगा. तुम्ही आणलेलं ते उत्तर त्यांना ठाऊक नसेल. मलाही नव्हतं.

भेटू पुढच्या अंकात.

तुमची,
बाई