नोकरीच्या शोधात सल्ल्याचे मोल

गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला. तो केवळ आमच्याच घरचा नाही अशी खात्री पटल्यामुळे, ज्याच्याशी तो निगडित आहे त्याच्या संमतीने, या स्मरणिकेद्वारे आम्ही तो व्यापारी बंधूंपुढे मांडीत आहोत.

सिलवासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले, त्या वेळी या मुलखात कारखाना असा नव्हताच. १९६५ च्या सुमारास पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मसाट, खडोली वगैरे ठिकाणी वसाहती वाढल्या, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांनी पेढीची गादी सोडून कारखान्यांतील खुर्च्या धरल्या. भाव कोसळला असता पेढी कशी सावरावी, हे आम्हां जुन्या मंडळींस ठाऊक आहे. परंतु पन्नाशीच्या माणसाचा पगार एकाएकी बंद पडला तर काय करावे, हे आम्हांस कोणी शिकविलेले नाही.

आमचा एक पुतण्या सुताच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. वय एक्कावन्न. मालकी बदलली आणि त्यास निरोप मिळाला. तीन महिने तो रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडे, वापीला जाऊन कोठे तरी बसे आणि सायंकाळी परते. सुनेसदेखील पत्ता नव्हता. अखेर एके दिवशी पेढीवर येऊन तो म्हणाला, "काका, दीड लाख रुपये हवेत. एक करिअर कोच आहेत. सहा महिने मार्गदर्शन करतील. पैसे मात्र आधी द्यावे लागतील."

आम्ही तेथेच हिशेब मांडला. दीड लाखावर शेकडा १८ प्रमाणे जीएसटी सत्तावीस हजार. एकूण १,७७,००० रुपये. "एवढे मोजून घरी काय आणणार? नुसता सल्ला?" असे आम्ही बोलून गेलो. तो काही न बोलता उठून गेला.

रात्री आमची चूक आमच्या ध्यानी आली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी सुरू झाल्यापासून आम्ही करसल्लागारास नियमाने पैसे देत आहोत, आणि तोही सल्लाच विकतो. तेव्हा सल्ल्याचे पैसे देण्यात काही गैर नाही. गैर आहे ते नमुना न पाहता सौदा करण्यात. पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतल्यावाचून आपण भाव बोलत नाही. मग येथेच का बोलावा?

दुसऱ्या दिवशी पुतण्यास बोलावून या धंद्याची माहिती आम्ही समजावून घेतली. यात तीन निरनिराळी माणसे आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली, कंपन्यांसाठी वरिष्ठ अधिकारी शोधून देणारी संस्था. तिचा मेहनताना कंपनी देते. मोठ्या जागांसाठी तो पहिल्या वर्षाच्या पगाराच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत जातो. ती कंपनीची अडत्या होय, उमेदवाराची नव्हे. दुसरा कोच. त्यास उमेदवार पैसे देतो. तो अर्ज नीट करून घेतो, मुलाखतीची तयारी करवितो, खचलेल्या मनास शिस्त लावतो. परंतु नोकरी त्याच्या हाती नसते. तिसरा, पैसे घेऊन नोकरीची हमी देणारा. त्यास दारातूनच परत पाठवावे.

कोच म्हणविण्यास आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९९५ साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय कोचिंग संस्था प्रमाणपत्रे देते; तिच्या पहिल्या पायरीस प्रत्यक्ष कामाचे किमान १०० तास लागतात. प्रमाणपत्र असणे बरे, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या धंद्यातील माणसांबरोबर पूर्वी काम केले आहे काय? त्यांच्यापैकी दोघांशी बोलू द्याल काय? बैठकीगणिक पैसे घ्याल काय? मधेच थांबल्यास उरलेली रक्कम परत मिळेल काय? हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. मात्र त्याही आधी स्वतःस विचारावे, आपल्यात उणे काय आहे? बोलता येत नसेल तर कोच उपयोगी पडेल. जागेची खबर मिळत नसेल तर ओळखीच उपयोगी पडतील.

ओळखींविषयी आमच्या नातीने एक गोष्ट वाचून दाखविली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरी बदललेल्या लोकांची चौकशी करून १९७३ साली निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, ओळखीचा माणूस वारंवार भेटणारा होता असे सांगणारे शेकडा सतराही भरले नाहीत. उरलेल्यांस खबर अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांस आपल्याला ठाऊक तेवढेच ठाऊक असते. नवी खबर दूरच्याकडे असते. बाजारातही असेच घडते.

पहिल्या कोचने बैठकीगणिक पैसे घेण्यास नकार दिला. दुसऱ्या एका कोचबरोबर तीन बैठका ठरल्या. त्याने पहिल्याच बैठकीत विचारले, "नोकरी गेल्याचे किती जणांस सांगितले?" पुतण्याने उत्तर दिले, "काकांस आणि तुम्हांस." त्या संध्याकाळी त्याने घरी सांगितले आणि पुढे चाळीस जुन्या परिचितांस फोन केले. पाच महिन्यांनी, पूर्वी कारखान्यास पुठ्ठ्याची खोकी पुरविणाऱ्या एका गृहस्थाच्या सांगण्यावरून उंबरगावकडे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे, पण घर चालते. नोकरी कोचने दिली नाही, हे खरे. त्याने मौन सोडविले, हेही तितकेच खरे. त्या तीन बैठकांचे पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र एक शल्य राहिले. जो प्रश्न परक्या माणसाने पैसे घेऊन विचारला, तो आम्ही काका असून फुकट का विचारला नाही? आपल्या समाजात तोटा लपविण्याची जुनी खोड आहे. पत जाईल या भीतीने मनुष्य गप्प बसतो, आणि गप्प बसल्यानेच वाट बंद होते.

१९४७ साली मुंबईच्या पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले होते. आपल्या संघासही थोडे करता येईल. वरिष्ठ जागेवरून अकस्मात बाहेर पडलेल्यांची नोंद गुप्त ठेवणारी एक वही असावी. त्यांच्याबरोबर तासभर बसण्यास तयार असे पाचसहा अनुभवी बंधू असावेत. त्यानंतरही कोच लागला तर खुशाल ठेवावा, पण नमुना पाहून, बैठकीगणिक, आणि घरात सांगून. वहीतील पहिला तास देण्यास आम्ही तयार आहोत.