नाळ तोडली, पुढे काय?

पाथर्डी तालुक्यात होळी ते पाडवा मढीची यात्रा भरते. याच दिवसांत गावोगावच्या जत्रांत तमाशाचे फड उतरतात. दसऱ्याला घर सोडलेली कलावंतीण वैशाखापर्यंत ट्रक आणि राहुटीतच संसार करते.

विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. मला ती पटत नाही. बाळंतिणीला रजा नव्हती, हा तिचा खरा अर्थ. विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांच्या नावाने शासन पुरस्कार देते. पण रजेचा प्रश्न पुरस्काराने सुटत नाही.

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा असंघटित कामगार बाईलाही लागू आहे. तक्रारीसाठी जिल्ह्याची समिती असते. पण आज मढीत, उद्या जुन्नरात असणारीने दाद कुठे मागायची?

मैत्रिणींनो, फड फिरता असला तरी गाव जागेवर असते. सुपारी देतानाच संडास, बंदिस्त राहुटी आणि तक्रार घेणारी गावातली बाई ठरलेली हवी. ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायची आहे. तमाशाला आपण जात नाही, ही सबब पुरे.