ऑपरेशन सक्सेसफुल! मग पुढे?

हिंदी सिनेमाने आपलं एक मोठं नुकसान करून ठेवलंय. ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर मास्क खाली करून हसतात आणि पुढच्याच सीनमध्ये पोरगं अंगणात पळत असतं. मधले तीन आठवडे एडिटरने कापलेले असतात. सिनेमाचं एक वेळ ठीक आहे हो, पण आपल्या आयटी कंपन्यांनीही तेच तीन आठवडे कापून टाकलेत, त्याचं काय?

माझ्या चौदा महिन्यांच्या भाचीचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आजार टेट्रालॉजी ऑफ फॅलो. म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. ऑपरेशन पाच तासांत आटोपलं, आणि ते खरोखरच सक्सेसफुल होतं. हॉस्पिटलातला मुक्काम मात्र तेवीस दिवसांचा!

कारण साधं आहे. अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजवा कप्पा जाड आणि ताठ झालेला असतो. वाट मोकळी केली म्हणून तो लगेच सैल पडत नाही. मग मागे दाब वाढतो, फुप्फुसांभोवती पाणी साठतं, ते छातीतल्या नळीतून काढावं लागतं. रोज सकाळी आमचा एकच प्रश्न: आज ड्रेन किती? नळी काढली, दोन दिवसांनी पुन्हा पाणी, पुन्हा नळी. यात कुणाची चूक नाही. शरीर आपला वेळ घेतं. घरी आल्यावरही छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहाएक आठवडे, बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. मान आणि बुडाखाली हात घालून उचलायचं.

मेहुणा आपल्यातलाच, सॉफ्टवेअरवाला. चौथ्या दिवशी मॅनेजरचा मेल: ऑपरेशन छान झालं हे ऐकून आनंद झाला, कधी जॉइन होतोयस? पोरगी तेव्हा व्हेंटिलेटरवर होती. पुढचे सगळे दिवस या माणसाने आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कॉल घेतले. याला म्हणे फ्लेक्सिबिलिटी!

मंडळी, आपण एखादं रिलीज प्रॉडक्शनला टाकलं की पंधरा दिवस अख्खी टीम डोळ्यांत तेल घालून बसते. खरा त्रास गो-लाइव्हनंतर सुरू होतो हे आपल्याइतकं कुणाला कळतं? सर्व्हरसाठी कळतं, सहकाऱ्याच्या पोरीसाठी कळत नाही.

कायदाही इथे तोकडा. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली, उत्तम झालं. पण ती जन्मासाठी. केंद्र सरकारी नोकरीत मुलांच्या संगोपनासाठी एकूण 730 दिवसांपर्यंत रजा आहे, पण ती स्त्री कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पुरुष पालकांना. बायको असलेल्या बापाने आयसीयूबाहेर बसायची गरजच काय, असंच जणू! आणि खाजगी कंपनीला तर हे नियम लागूच नाहीत.

"लोक गैरफायदा घेतील" हे ठरलेलं उत्तर. अहो, छातीत नळी असलेल्या बाळाचं खोटं कोण सांगतं? डिस्चार्ज कार्ड मागा की! "मग प्रोजेक्टचं काय?" माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर प्रोजेक्ट चालतंच ना? तीन आठवड्यांतच बुडणारं प्रोजेक्ट आधीच बुडालेलं असतं.

मागणी छोटी आहे. मुलाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आईला आणि बापाला, दोघांनाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस भरपगारी रजा. लॅपटॉप घरी ठेवून. कंपनी देत नसेल तर निदान सहकाऱ्यांना आपल्या शिल्लक रजा त्याच्या खात्यात टाकू द्या. पुढच्या टाऊनहॉलमध्ये "काही प्रश्न?" असं विचारतील तेव्हा हाच विचारा. आणि तुमच्या टीममधल्या कुणाचं पोर हॉस्पिटलात असेल, तर "कधी जॉइन होतोयस" ऐवजी "आज ड्रेन किती" एवढं विचारून बघा.